चाकरमान्याचा दिवस

आपल्या इतिहासाची साधने कोणती, असे कोणी विचारले तर ताम्रपट, शिलालेख, सनदा, देवस्थानांची दप्तरे आणि परकीय प्रवाशांची वर्णने ही नावे आपण चटकन सांगतो. राजे, सेनापती, मठाधिपती आणि दानशूर सावकार यांची चरित्रे या साधनांतून उभी राहतात. परंतु पहाटे नळावर पाणी भरून, दोन घास पोटात ढकलून, ट्राम गाठून कचेरीत जाणारा आणि दिवेलागणीला खोलीवर परतणारा वीस-बावीस वर्षांचा नोकरदार तरुण कोणत्या शिलालेखात सापडावयाचा? त्याने मागे ठेवल्या त्या मनिऑर्डरीच्या पावत्या, खानावळीचा हिशेब लिहिलेली वही आणि गावाकडून आलेल्या पोस्टकार्डांची चवड. घर आवरताना या वस्तू रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर एका पिढीचा इतिहासही जातो.

वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत गोमंतकातील आणि कोकणपट्टीतील असंख्य घरांची चूल या तरुणाच्या पगारावर पेटली. गावच्या देवालयाची पालखी, उत्सवातील नाटक, सभामंडपाचा जीर्णोद्धार यांतही त्याचा वाटा होता. गोव्यात त्याला ‘मुंबयकार’ म्हणत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे तो ‘चाकरमानी’ झाला. त्याचा साधा दिवस कसा उगवे, तो कशाने प्रवास करी, काय खाई आणि फावल्या वेळी कशात रमे, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. हा दिवस त्याने एकट्याने पेलला नव्हता. तो कोणकोणत्या हातांनी तोलून धरला होता, हेही ओघाने पाहू.

गाव सुटले ते कशासाठी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई झपाट्याने वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८५६ साली पहिली कापडगिरणी चालू झाली. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाच्या व्यापाराला अकल्पित तेजी आली. १८७२ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली. बंदर, रेल्वे, गिरण्या, पेढ्या आणि सरकारी कचेऱ्या या सर्वांना माणसे हवी होती. अंगमेहनतीची माणसे हवी होती, तशीच लिहिणारी-वाचणारीही.

याच्या उलट गोव्यात हिंदू तरुणाला करण्याजोगे फारसे काही नव्हते. पोर्तुगीज अमदानीत सरकारी नोकऱ्यांची दारे त्याच्यासाठी दीर्घकाळ जवळजवळ बंदच होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि नागरी समानता लाभली, तरी तेवढ्याने उद्योगधंदे निर्माण झाले नाहीत. कुळागर आणि शेत चार भावांना पुरे ना. मराठी शाळेत शिकलेला मुलगा इंग्रजीचे चार धडे गिरवून मुंबईचा रस्ता धरी. ही वाट जुनीच होती. पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी लाड बालपणीच मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे नामांकित वैद्य व प्राच्यविद्यापंडित म्हणून गाजले. दिवचलीचे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, यांनीही आयुष्याचा मोठा भाग मुंबईतच नोकरी करीत काढला आणि गोवेकरांच्या गोव्याबाहेरील वसाहतींविषयी कोंकणीत ग्रंथ लिहिला. परंतु प्रत्येक भाऊ दाजींमागे, प्रत्येक शणै गोंयबाबांमागे, ज्यांचे नाव कोठेही छापले गेले नाही असे हजारो तरुण होते. या लेखाचे नायक तेच.

गोवेकर तरुण बहुधा बोटीने येई. पणजीहून निघालेली बोट वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत मुंबईस पोहोचे. जेथे धक्का नसे तेथे पडावातून जाऊन बोटीवर चढावे लागे. डेकवर वळकटी पसरून जागा धरावयाची, बोट लागली तर लिंबू चोखावयाचे आणि पहाटे मुंबईचे दिवे दिसले की ट्रंक सांभाळीत उभे राहावयाचे, हा अनुभव तीन-चार पिढ्यांनी घेतला. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होत. मग मुरगावहून निघून कॅसल रॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे असा आगगाडीचा लांबचा फेरा उरे. १८८० नंतरच्या दशकात हा लोहमार्ग झाला, म्हणून तेवढी तरी सोय होती.

खोलीतील बिऱ्हाड

मुंबईत उतरलेल्या तरुणाच्या खिशात एक पत्ता असे आणि तो बहुधा गाववाल्याच्या खोलीचा असे. गिरगाव, ठाकूरद्वार, फणसवाडी, पुढे दादर आणि गिरणगाव या भागांतील चाळींतून अशा खोल्या होत्या. एका खोलीत दहा-बारा जण राहत, कधी त्याहूनही अधिक. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, एक तांब्या-भांडे आणि भिंतीवरची एक खुंटी. खोलीत निजावयास जागा पुरत नसे, म्हणून उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत आणि गच्चीवर निजत. रात्रपाळीचा माणूस सकाळी येई तेव्हा दिवसपाळीच्या माणसाची जागा नुकतीच रिकामी झालेली असे.

गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी याच गरजेतून धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ उभारले. त्यात गावच्या संताची वेदी असे, नियमावली असे आणि खलाशी व आचारी तेथे उतरत. हिंदूंच्या खोल्या इतक्या रीतसर बांधलेल्या नव्हत्या. परंतु तेथेही कोनाड्यात गावच्या देवाची तसबीर असे, तिच्यापुढे संध्याकाळी निरांजन लागे आणि एका वडीलधाऱ्या माणसाचा शब्द खोलीचा कायदा ठरे. नव्या मुलाला नोकरी लागेपर्यंत भाडे मागावयाचे नाही, हा त्या कायद्यातील पहिला कलम होय.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग फुटला आणि या दाटीचे भयंकर परिणाम सर्वांच्या लक्षात आले. लोक शहर सोडून पळाले. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ साली ७,७६,००६ वर आली. चाकरमानी गावाकडे परतला. गिरण्यांना माणसे मिळेनात. त्यानंतर १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले, रुंद रस्ते निघाले आणि ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारती झाल्या. तेथील खोली १६० चौरस फुटांची. आज आपल्या दिवाणखान्याहूनही लहान अशा त्या जागेत कुटुंबे वाढली, मुले शिकली, लग्ने ठरली.

मध्यमवर्गीय कारकुनाने दुसरा मार्ग शोधला. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने चित्रापूर सारस्वतांनी १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहसंस्था स्थापिली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नोकरदारांनी एकत्र येऊन मालकीचे घर उभारावे, ही कल्पना त्या काळी अगदी नवीन होती. तीन वर्षांनी, १९१८ साली, सारस्वत सहकारी पतपेढी निघाली. मुलीचे लग्न, आजारपण, जुने कर्ज अशा अडचणींत सापडलेल्या कुटुंबास हात द्यावा, हा तिचा मूळ हेतू होता. आज तिचे मोठ्या बँकेत रूपांतर झाले आहे. परंतु तिचा उगम पगाराच्या तारखेची वाट पाहणाऱ्या माणसांच्या चिंतेत आहे, हे विसरता कामा नये.

ट्राम आणि आगगाडी

आता या तरुणाबरोबर आपण कचेरीस जाऊ. आरंभीच्या काळात तो पायीच जाई. गिरगावातून कोटातील पेढीपर्यंत चालणे त्याला जड वाटत नसे; गावी देवदर्शनास जाताना याहून अधिक चाल होत असे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्या भाड्याचे पैसे रोज वेचणे नव्या कारकुनास परवडत नसे. महिनाअखेरीस तर तो हटकून पायी दिसे. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० साली दुमजली ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस धावली. ट्राममध्ये वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा मिळाली की वर्तमानपत्र उघडावे, शेजाऱ्याने त्यात मान घालावी आणि उतरेपर्यंत दोघांचा राजकारणावर वाद व्हावा, असा तो संथ प्रवास होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सर्व व्यवस्था महापालिकेच्या मालकीची झाली. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. त्या रात्री तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ज्या वाहनाला आयुष्यभर संथ म्हणून नावे ठेवली, त्याच्यासाठी लोक हळहळले.

आगगाडीने मात्र शहराचा आणि दिवसाचा आकारच बदलून टाकला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी निघाली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरीवली मार्गावरही विजेची गाडी धावू लागली. पूर्वी कचेरीजवळ खोली शोधावी लागे. आता पार्ले, मुलुंड, ठाणे येथे बिऱ्हाड करून कोटात नोकरी करता येऊ लागली. मोकळी हवा मिळाली, अंगणात तुळस लावता आली. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. गिरगावातला कारकून घड्याळाच्या टोल्यावर निघे. उपनगरातला कारकून गाडीच्या मिनिटावर निघू लागला. ‘आठ बावीस’, ‘आठ सदतीस’ ही गाड्यांची नावे झाली. रोज त्याच डब्यात, त्याच बाकावर बसणाऱ्यांची मंडळे जमली. त्यांतून भजने निघाली, टाळ आले, दसऱ्याला डब्याची पूजा झाली. गावी देवळाच्या सभामंडपात जो गळा मोकळा व्हावयाचा, तो येथे दोन स्थानकांच्या दरम्यान मोकळा झाला.

अन्नाची चिंता

आईच्या हातचे जेवून वाढलेल्या मुलाला मुंबईत पहिला प्रश्न पडे तो जेवणाचा. त्याची दोन उत्तरे होती: खोलीतली चूल किंवा बाहेरची खानावळ.

खोलीत स्वयंपाकाच्या पाळ्या लागत. आधी कोळशाची शेगडी होती, पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. पंप मारावा, पिन घालावी, भडका कमी होईपर्यंत दूर उभे राहावे आणि मग भात चढवावा. गोव्याहून येताना आणलेल्या गाठोड्यात उकडे तांदूळ, सोले, कुळीथ, खोबरे आणि सुके मासे असत. ते पुरवून पुरवून वापरावयाचे. सकाळी पेज आणि लोणचे, रात्री भात आणि कुळथाची पिठी किंवा सोलांची कढी, एवढ्यावर भागे. रविवारी बाजारात जाऊन कोणी बांगडे आणी आणि मग हुमणाचा वास गॅलरीभर पसरे. सोमवारी मात्र नुस्ते वर्ज्य. घरापासून शेकडो मैल दूर, कोणी पाहणारे नसताना, वीस वर्षांचा मुलगा सोमवार पाळी. हे आपल्या धर्मजीवनाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. नेम सांगणारे कोणी नसताना जो पाळला जातो, तोच खरा नेम. १९४३ साली धान्याचे नियंत्रण आले तेव्हा शिधापत्रिका मिळवण्यासाठी ‘कुटुंब’ दाखवावे लागे. खोलीतल्या दहा ब्रह्मचाऱ्यांचे ते कुटुंब कसे दाखवावयाचे, यावर कित्येक खोल्यांतून खल झाला असेल.

ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा तो खानावळीत जाई. गिरगावातील खोताच्या वाडीतले अनंताश्रम माशांच्या जेवणासाठी नावाजले होते. परंतु बहुसंख्य खानावळी अशा पाटी लावलेल्या नव्हत्या. गिरणगावात एखादी बाई आपल्याच खोलीत पाच-दहा-पंधरा माणसांना महिन्याच्या बोलीने जेवू घाली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापाव्या, पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे भरावे, दुपारी पुन्हा पंगत, रात्री पुन्हा पंगत. कोणी विधवा होती, कोणाचा नवरा गिरणीतून सुटलेला होता, कोणाच्या पदरी चार मुले होती. मेंबराचा पगार झाला की पैसे यावयाचे. तोवर वाणी उधारीवर माल देई आणि उधारीवर व्याज चढे. संप झाला की मेंबर गावी जाई आणि हिशेब तसाच राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होरपळले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या जेवणाचे पैसे अंगावर घेऊन बसलेल्या बायांचा हिशेब कोणी मांडला नाही.

या बायांकडे पहिल्यांदा डोळसपणे पाहिले ते गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी. १९७५ साली त्यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरणगाव जेवू घातले, त्यांना सहीचा अधिकार मिळाला. गोमंतकाच्या एका कन्येने हे कार्य केले, याचा आपणास अभिमान वाटावा. आणि ते होण्यास १९७५ साल उजाडावे लागले, याची थोडी लाजही वाटावी.

विवाहित नोकरदाराचा डबा घरून येई. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा उद्योग सुरू केला, असे सांगतात. मावळ, जुन्नर, खेड या भागांतील ही मंडळी, बहुतेक वारकरी. सकाळी दारोदार डबे गोळा करावयाचे, स्थानकावर ते वेगळे लावावयाचे, डोक्यावरच्या लांब पाटीत घालून गाडीने न्यावयाचे आणि दुपारी ज्याचा त्याला नेमका द्यावयाचा. रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत. पत्ता लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी रंगांच्या खुणांवर हे शास्त्र उभे केले. पुढे त्यात अक्षरे आणि आकडे आले. कारकुनाने दुपारी डबा उघडावा आणि आत घरची भाजी-पोळी असावी, एवढ्या साध्या सुखामागे पहाटे उठलेली गृहिणी आणि उन्हातून धावणारे चार-पाच वारकरी उभे असत.

फावला वेळ

इतक्या धावपळीत या तरुणाला छंद कसले असावयाचे, असे वाटेल. पण छंदाशिवाय तो जगलाच नसता. वाचनाची आवड असली तर १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय होते. सिनेमाची असली तर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मग चाळीचाळींतून मेळे निघाले, व्याख्याने झाली, आणि पडदा ओढण्यापासून भाषण करण्यापर्यंत सर्व कामे याच कारकुनांनी केली.

गोवेकराचा खरा ओढा नाटक आणि गाणे यांकडे. ज्याचे बालपण देवळाच्या उत्सवात, रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या पहिल्या रांगेत पेंगत गेले, त्याला तोंडास रंग लावण्याची हौस असावयाचीच. कचेरी सुटली की कोणाच्या तरी खोलीवर तालीम. पेटी मांडीवर, तबला ट्रंकेवर, आणि शेजारी तक्रार करू लागले की आवाज खाली. गावच्या जत्रेस मुंबईची मंडळी नाटक घेऊन येणार, अशी पत्रे महिनाभर आधी जात. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंतचा आणि बोटींचा हंगामही तोच. त्यामुळे देवाच्या उत्सवाला मुंबयकार हजर राहू शकत. गणेशचतुर्थी मात्र बहुधा पावसातच येई, आणि तिच्यासाठी आगगाडीचा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

या हौशीतून केवढे काम उभे राहिले, ते दि गोवा हिंदु असोसिएशनच्या इतिहासात दिसते. १९१९ साली मुंबईतील गोवेकरांनी परस्पर साहाय्यासाठी ही संस्था काढली. पुढे तिने रंगभूमीवर पाऊल ठेवले. १९६४ साली तिने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत मंगेशीच्या अभिषेकी घराण्यातील पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि त्यात गाणारे म्हापशाचे रामदास कामत हे नोकरी सांभाळून रंगभूमीची सेवा करणारे. २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग याच संस्थेने केला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या तारखा कायम राहतील. परंतु त्या तारखांच्या मागे, सहा वाजता कचेरीतून सुटून तालमीस धावणाऱ्या आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतणाऱ्या माणसांच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी आहेत.

गावचा देव

गोमंतकीय हिंदूला स्थलांतराचे दुःख नवे नाही. त्याच्या देवांनीच ते आधी सोसले. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव पालख्यांतून रातोरात खाड्या ओलांडून अंत्रुज महालात आले. मूळ स्थान सुटले तरी कुळाचार सुटला नाही. देव जेथे गेला तेथे महाजन गेले. तीनशे वर्षांनी त्याच महाजनांचे वंशज पोटासाठी समुद्रमार्गे निघाले, तेव्हा फरक एवढाच झाला की या वेळी देव गावी राहिला आणि भक्त दूर गेला.

ते अंतर मनिऑर्डरीने तोडले. १८८० साली टपालखात्याने ही सोय सुरू केली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पैसे पाठवावयाचे आणि वर्षातून एकदा देवाच्या नावाने. अभिषेक, पालखी, दीपमाळ, अन्नसंतर्पण, जे आपल्या घराण्याकडे असेल ते चुकता कामा नये. नाव गावच्या महाजनांच्या यादीत असे आणि माणूस गिरगावच्या खोलीत. त्याच्या वतीने निर्माल्य काढणारी, निरांजन लावणारी, कुळागराला पाणी देणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी त्याची पत्नी मात्र गावीच राहिलेली असे. वर्षातून पंधरा-वीस दिवस नवरा घरी, बाकी पत्र. चाकरमान्याचे कौतुक करणाऱ्यांनी या बाईची आठवण क्वचितच ठेवली. त्याचा दिवस शहरात जितका खानावळवालीने तोलला, तितकाच गावी हिने.

हे अंतर किती नाजूक होते, ते १९५५ साली कळले. गोव्यातील सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर सरहद्द बंद झाली, आगगाडी थांबली, बोटी थांबल्या. मुंबईत कमावणारा आणि गावी वाट पाहणारी माणसे यांच्यामध्ये परवान्यांची भिंत उभी राहिली. गावी कोणी अत्यवस्थ असले तरी निघता येईना. उत्सव झाले, पण मुंबयकारांचे नाटक झाले नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर मार्ग उघडले, तेव्हा सहा-साडेसहा वर्षांनी देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवणाऱ्यांची मनःस्थिती काय झाली असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

आजचा दिवस

त्यानंतर दिवस पालटले. बोटींचा प्रवास इतिहासजमा झाला. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि मुंबई-गोवा अंतर एका रात्रीचे उरले. नोकरदार तरुणाच्या जोडीस नोकरदार तरुणीही आली. १९९२ साली पश्चिम रेल्वेने खास स्त्रियांसाठी आखलेली लोकल सुरू केली, ती या बदलाची पोचपावतीच होय. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणारी, भाजी निवडणारी स्त्री मुंबईकराने पाहिली आहे. पूर्वीचा नोकरदार कचेरीतून आला की त्याचा दिवस मावळे. हिचा दुसरा दिवस तेथून उगवतो. एके काळी दोन बायांनी दोन ठिकाणी उचललेला भार तिने एकटीने उचलला आहे. यास प्रगती म्हणताना जरा थांबून विचार करणे बरे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मुंबईची लोकल थांबली, डबेवाले थांबले, खानावळी बंद झाल्या. १८९६ च्या प्लेगाप्रमाणेच माणसे गावाकडे निघाली. सव्वाशे वर्षांत विजेची गाडी आली, गॅस आला, दूरध्वनी खिशात आला. परंतु शहरातील तरुणाचा दिवस इतरांच्या किती हातांवर उभा आहे, ते पुन्हा एकदा उघडे पडले. खोलीत शिजवून खाऊ न शकणाऱ्याला कोणी तरी जेवू घालावे लागते. दूर गेलेल्याच्या घरचा दिवा कोणी तरी लावावा लागतो. हे प्लेगात खरे होते आणि महामारीतही खरे ठरले.

वाचकांपाशी एकच मागणे आहे. आपल्या देवस्थानांची दप्तरे आपण जपतो, ते योग्यच आहे. त्यांच्याच शेजारी मुंबयकारांच्या मनिऑर्डरीच्या पावत्या, उत्सवी नाटकांची हस्तपत्रके, खोलीच्या खर्चाच्या वह्या, घरी आलेली पत्रे यांनाही जागा द्यावी. घरातील वृद्धांना विचारावे: मुंबईस प्रथम कोणाच्या खोलीवर उतरलात, जेवण कोणाकडे होते, त्या खानावळवालीचे नाव काय? खोलीचा पत्ता बहुतेकांना तोंडपाठ असतो. खानावळीचे महिन्याचे दरही आठवतात. त्या बाईचे नाव मात्र पुष्कळांना आठवत नाही. सारे तिला ‘मावशी’ एवढेच म्हणत. ज्यांना आठवते त्यांच्याकडून ते आजच लिहून घ्यावे.